जनाच्या खिडकीतली बाटली

जना गेला, हे मला ज्याने सांगितलं त्याच्यावर माझा विश्वासच बसला नाही. डहाणूच्या बाजारात औषधाचं दुकान असलेला हा गृहस्थ दोन वर्षांपूर्वी माझ्याच मरणाची बातमी गावभर करून मोकळा झाला होता, आणि मी खोकल्याचं औषध मागायला त्याच्या दुकानात गेलो तेव्हा भूत बघितल्यासारखा मागे सरकला होता. त्यामुळे परवा... परवा कसलं, पाच आठवडे होतील आता... आशागडच्या थांब्यावर त्याने स्कूटर थांबवून सांगितलं, की तुमचे ते लॅबवाले जनार्दन सकाळी गेले, छातीत कळ आली आणि दहा मिनिटांत आटोपलं, तेव्हा मी त्याची उलटतपासणीच घेतली. तुम्हांला कोणी सांगितलं? तुम्ही स्वतः पाहिलंत का? कुठल्या डॉक्टरने तपासलं? तो वैतागून निघून गेला. घरी येऊन मी शैलाला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं की तो बडबड्या आज असं असं सांगत होता. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून ती उठली, पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "तुम्ही येताय, की मी एकटी जाऊ?" तिने क्षणभरही शंका घेतली नाही. घरात शंका घेण्याचं काम माझं. आणि ती खोड मला लागली ती जनाकडून.

जना आणि मी बोर्डीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. तो बोर्डीचाच, मी आशागडहून येऊन तिथे मामाकडे राहिलेला. त्याला एक चमत्कारिक सवय होती. कुठलीही गोष्ट तोंडाला लावण्याआधी तो ती हुंगायचा. पाणी, दूध, प्रसाद, लग्नातलं सरबत, काही म्हणून सुटायचं नाही. मास्तर त्याला मांजर म्हणायचे. एकदा वर्गातल्या सगळ्यांनी माठातलं पाणी प्यायलं, याने नाकाशी नेऊन ओतून दिलं, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग जुलाबाने घरी. तेव्हापासून जनाचं नाक हा आमच्यात कौतुकाचा विषय झाला. पुढे तो मुंबईला जाऊन रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण घेऊन आला आणि डहाणूच्या बाजारात एका माडीवर त्याने छोटीशी लॅब काढली. एक सूक्ष्मदर्शक, एक टेबल, एक शेगडी, आणि रस्त्याकडच्या खिडकीत ओळीने पालथ्या घातलेल्या काचेच्या बाटल्या. त्या तो स्वतः उकळायचा, स्वतः वाळवायचा आणि वापरण्याआधी प्रत्येकीचा वास घ्यायचा. मी चिडवायचो, की जना, बाटली तुला चावणार आहे का? तो म्हणायचा, काच चावत नाही, म्हणून तर ती वापरतो.

मी तलासरीच्या पुढे, गुजरातच्या हद्दीला लागून असलेल्या एका प्लास्टिकच्या कारखान्यात सुपरवायझर होतो. कारखान्याचं नाव लिहीत नाही. तो बंद पडून तीन वर्षं झाली, पण शेठ अजून आहेत. आमच्याकडे मऊ प्लास्टिकच्या चपला निघायच्या, बागेला पाणी घालायच्या नळ्या निघायच्या, आणि तंबाखूवाल्यांना लागणाऱ्या चुन्याच्या छोट्या मऊ डब्या. हे प्लास्टिक मुळात पांढरी पावडर असते, कडक आणि ठिसूळ. ते मऊ होतं ते एका तेलामुळे. तेलाचे मोठाले पत्र्याचे ड्रम यायचे. मिक्सिंगच्या खोलीत पावडर, रंग आणि ते तेल एकत्र करून गरम घुसळायचं. खोलीत एक गोडसर, डोक्यात बसणारा वास कायम भरलेला. तिथले कामगार आजूबाजूच्या पाड्यांवरचे तरुण पोरगे, उघड्या हातांनी काम करायचे, आणि संध्याकाळी कोपरापर्यंत चकाकत घरी जायचे. मीही दिवसातले चार-पाच तास त्याच खोलीत उभा असायचो. माझ्या सदऱ्याच्या कॉलरीला त्या तेलाचा हात लागलेला असायचा, आणि तो डाग कुठल्याही साबणाने निघत नाही म्हणून शैला करवादायची.

आमच्याकडे एक पद्धत होती, आणि ती मीच सुरू केली होती. कामगाराचं लग्न ठरलं की कारखान्यातर्फे त्याला तेलाचा एक रिकामा ड्रम भेट द्यायचा. पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे हाल, विहीर दोन-दोन मैल लांब, तेव्हा दोनशे लिटरचा ड्रम ही केवढी मोठी चीज. सोड्याने धुऊन, बाहेरून निळा रंग देऊन, हळदीने स्वस्तिक काढून आम्ही तो टेम्पोने नवऱ्यामुलाच्या दारात पोचवायचो. नवरी घरात येण्याआधी ड्रम यायचा. शेठ खूश होते, कामगार खूश होते, आणि माझी तर मान ताठ. स्वतःच्या घरीही मी एक आणून ठेवला होता.

आता माझ्या घरचं सांगायला हवं, कारण त्यावाचून हे सगळं लिहिण्यात अर्थ नाही. ऐंशी सालच्या जरा आधी माझं लग्न झालं. एक वर्ष गेलं, तीन गेली, पाच गेली, पाळणा हलला नाही. माझी आई सासू म्हणून वाईट नव्हती, पण नातवंडाच्या बाबतीत तिचा जीव टांगणीला लागला होता, आणि त्याचा सगळा जाच शैलाच्या वाट्याला आला. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीला नवस झाला, उपास झाले, वलसाडच्या डॉक्टरीणबाई झाल्या, मुंबईचे डॉक्टर झाले. प्रत्येकाने शैलाला तपासून हेच सांगितलं, की बाईंमध्ये काही दोष नाही, पुढच्या वेळी मिस्टरांना घेऊन या. शैला घरी येऊन ते सांगायची आणि आई म्हणायची, डॉक्टरांना काय, पुरुषावर ढकललं की झालं. मी मूग गिळून बसायचो. धडधाकट माणूस मी, पन्नास किलोची गोणी एका हाताने उचलणारा, मला काय तपासायचं? नात्यात कुणाचं बारसं असलं की आई शैलाला मागच्या रांगेत बसवायची. बाळाला पाळण्यात घालायला पुढे होऊ द्यायची नाही, बाळंतिणीची ओटी भरू द्यायची नाही. एकदा तर भरल्या घरात तिच्या हातातलं हळदीकुंकवाचं तबक काढून धाकट्या जावेकडे दिलं. शैला स्वयंपाकघरात जाऊन भांडी विसळायला लागली. मी ते बघितलं, आणि बाहेर जाऊन पाहुण्यांना पानसुपारी देत बसलो. लाज वाटते आता लिहिताना.

त्याच सुमारास एका रविवारी जना आमच्याकडे जेवायला आला. आईने कौतुकाने तांब्या-भांडं पुढे केलं. याने भांडं नाकाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं. आईने विचारलं, काय रे, पाणी बरं नाही का आमचं? हा म्हणतो, मावशी, हे कुठल्या भांड्यातलं? मी ऐटीत निळा ड्रम दाखवला. जना उठून गेला, ड्रममध्ये डोकं घालून हुंगला, आणि त्या दिवशी आमच्या घरी त्याने पाण्याचा थेंब घेतला नाही, नारळ फोडून घेतला. आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मलाही राग आला. शैलाने मात्र दुसऱ्याच दिवसापासून प्यायचं पाणी माठात भरायला सुरुवात केली आणि ड्रममधलं पाणी चिकूच्या झाडांना घालायला लागली. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

मग एक दिवस जनाने मला मुद्दाम लॅबमध्ये बोलावून घेतलं. खिडकीशी नेऊन हळू आवाजात म्हणाला, की तुझ्या कारखान्यातली माणसं माझ्याकडे यायला लागली आहेत. कशाला? तर वीर्य तपासायला. हा शब्द वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापतील की नाही कोण जाणे, पण दुसरा शब्द वापरला तर लेखाला अर्थ राहणार नाही. लग्न होऊन तीन-चार वर्षं झालेले, मूलबाळ नसलेले, भगताकडे कोंबडे देऊन थकलेले हे तरुण. खरं नाव सांगायची त्यांना भीती वाटायची, म्हणून जनाने युक्ती काढली होती. प्रत्येकाला तो झाडाचं नाव द्यायचा. साग आला होता, खैर आला होता, ताड आला होता. नावं नव्हती, तरी हाताच्या चकाकीवरून आणि वासावरून त्याने ओळखलं, की हे सगळे मिक्सिंगमधले. आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकाचंही बरं नव्हतं. कुणाचे शुक्रजंतू अगदी थोडे, कुणाचे हलतच नाहीत. जना म्हणाला, "मोऱ्या, एका खोलीतली इतकी माणसं... काहीतरी पाणी मुरतंय."

मी हसण्यावारी नेलं. पण माझ्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. आठवडाभर मला धड झोप नव्हती. शेवटी एका सकाळी मीही गेलो. नमुना नेला तो कशात, तर आमच्याच कारखान्यातल्या नव्या कोऱ्या चुन्याच्या डबीत. सगळे तसाच नेत होते. डबी खिशात मावते, झाकण घट्ट बसतं, वाटेत कुणी बघितली तरी तंबाखूवाल्याची डबी म्हणून सोडून देतो. जनाने माझ्याकडे बघून काही विचारलं नाही. वहीत लिहिलं, जांभूळ. अर्धा तास तो त्या नळकांड्यात डोळा घालून बसला होता आणि मी खालचा रस्ता बघत होतो. मग त्याने डोकं वर केलं. मी विचारलं, किती? तो म्हणाला, आहेत, पण एकही जिवंत दिसत नाही.

मी जिन्याकडे वळलो. पण त्याच वेळी जनाने ती डबी उचलली, नाकाशी नेली आणि बराच वेळ तशीच धरून ठेवली. म्हणाला, थांब. माझा ह्या डबीवरच विश्वास नाही. चार दिवसांनी त्याने मला परत बोलावलं. तोवर त्याने एक प्रयोग केला होता. दोन मुलांचा बाप असलेल्या एका निरोगी माणसाचा नमुना घेऊन त्याने निम्मा काचेच्या बाटलीत ठेवला आणि निम्मा आमच्या डबीत. तासाभराने बघितलं तर काचेतले पळत होते आणि डबीतले बहुतेक मरून पडले होते. हा निरोगी माणूस कोण, हे त्याने सांगितलं नाही, पण त्याचे कान लाल झाले होते आणि मुलं त्यालाही दोनच. म्हणजे डबीतून आलेले सगळे निकाल फुकट गेले. त्याने साग, खैर, ताड, सगळ्यांना निरोप धाडले, की माझ्याकडून काचेची बाटली घेऊन जा आणि परत आणा. काही आले, काही लाजून आले नाहीत. जे आले त्यांचं काचेतही फारसं बरं निघालं नाही. डबीचा दोष होताच, पण सगळा दोष डबीचा नव्हता.

मलाही त्याने बाटली दिली. रुंद तोंडाची, बुटकी, गळ्याला दोरा आणि दोऱ्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी. चिठ्ठी कोरी. म्हणाला, "ह्या वेळी झाडाचं नाव नको. तुझं नाव लिही, आणि निकाल वहिनीला स्वतः सांग. ती बिचारी कशाकशाला तोंड देते, मला दिसत नाही का?" मी बाटली हातात घेतली, आणि काय सांगू... टेबलावर परत ठेवून जिना उतरलो. उतरताना मला अगदी हलकं वाटत होतं. डबीने घोटाळा केला, तेव्हा तो निकाल खरा नाही. आणि दुसरी तपासणी झालीच नाही, तर माझ्यात दोष आहे असं कोण म्हणेल? जनाने स्वतःच्याच निकालावर प्रामाणिकपणे शंका घेतली होती. त्या शंकेच्या आडोशाला मी बारा वर्षं बसून राहिलो. शैला मागच्या रांगेत बसत राहिली.

जना मात्र स्वस्थ बसला नाही. भेटला की एकच विषय. त्या तेलाचं नाव काय? ड्रमवर काय लिहिलेलं असतं? कातडीतून आत जातं का? ज्या घरांत ड्रम गेले त्या घरांत मुलं किती झाली? डबी मऊ ठेवणारं तेल जर जंतूंना मारतं, तर ज्या माणसाच्या अंगात ते रोज मुरतं त्याचं काय? पुरावा त्याच्याकडे काही नव्हता, हे तो स्वतःच सांगायचा. मुंबईच्या कुणा ओळखीच्या डॉक्टरांना त्याने विचारलं, तर त्यांनी काखा वर केल्या. त्या दिवसांत हे बोलायला कोण तयार होतं? मी एकदा शेठना सहज विचारल्यासारखं विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे भाई, ए तो तेल छे, कंई ना थाय." म्हणजे काही होत नाही. माझं समाधान झालं, कारण मला ते करून घ्यायचं होतं. उलट माझा संशय जनावर वळला. याला एवढं खुपतं काय? शेजारच्या दुसऱ्या कारखानदाराने याला फितवलं तर नाही? आमच्या नव्या कामगारांची रक्ततपासणी मीच त्याच्या लॅबकडे वळवली होती, त्याच्या पोटापाण्याला माझी मदत होती, आणि हा माझ्याच मुळावर उठलाय असं मला वाटायला लागलं.

आणि मग ते पत्र आलं. निनावी. एक प्रत सरकारी खात्याला, एक शेठना. सुटी सुटी, शाळकरी वळणाची अक्षरं, डाव्या हाताने काढल्यासारखी. मिक्सिंगच्या माणसांना मुलं का होत नाहीत याची चौकशी करा, त्यांना हातमोजे द्या, लग्नात तेलाचे ड्रम देणं बंद करा, एवढाच मजकूर. शेठनी ते माझ्यापुढे टाकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ड्रमचं आणि मुलांचं नातं लावणारा सगळ्या तालुक्यात एकच माणूस होता. मी तसाच लॅबमध्ये गेलो, दोन पेशंट बसले होते त्यांच्यादेखत जनाला वाट्टेल ते बोललो. मित्र म्हणून घरात घेतला आणि पाठीत सुरा खुपसलास, असं म्हणालो. तो बाटल्या पुसत होता. पत्र हातात घेऊन त्याने वाचलं, घडी घालून परत दिलं. म्हणाला, "तुला मी लिहिलंय असं वाटतं ना? मग मीच लिहिलं." बस्स. मी शेठना सांगून आमचं सगळं काम त्याच्याकडून काढून वापीच्या लॅबला दिलं. साहेब लोक चौकशीला आले, चहा प्यायले, जाताना चपलांचे जोड घेऊन गेले. तरी एक झालं, शेठ घाबरले. मिक्सिंगमध्ये पंखा बसला, हातमोजे आले आणि ड्रम वाटणं बंद झालं.

नऊ वर्षं आम्ही बोललो नाही. डहाणूसारख्या गावात हे सोपं नसतं. तो समोरून आला की मी रस्ता ओलांडायचो. लग्नकार्यात पंगतीला समोरासमोर बसायची पाळी आली तर मी पोट बिघडल्याचं सांगून उठायचो. कामगारांच्या तपासण्या गेल्यामुळे त्याची ओढाताण झाली, हे कानावर यायचं, आणि खोटं कशाला बोलू, सुरुवातीला बरं वाटायचं. गेल्या वर्षी एकदाच, एस.टी. स्टँडवर, चहाच्या टपरीशी आम्ही दोघे अचानक एका बाकावर आलो. दोघांच्या हातात प्लास्टिकचे पेले. हल्ली सगळीकडे तेच. त्याने पेला नाकाशी नेला, टपरीवाल्याला परत केला आणि काचेचा ग्लास मागून घेतला. मला हसू फुटलं. तोही हसला. मग म्हणाला, "बाटली अजून आहे हं तुझी." तेवढ्यात आशागडवरून जाणारी माझी कासा गाडी लागली आणि मी चढलो. ती शेवटची भेट.

दिवस-कार्य झाल्यावर नलिनी वहिनींनी, म्हणजे जनाच्या पत्नीने, लॅब आवरायला काढली आणि मला निरोप पाठवला, की भावजी, येऊन जा. मी माडी चढलो. सूक्ष्मदर्शकावर कापड टाकलेलं होतं. खिडकीतल्या बाटल्या खोक्यात भरून झाल्या होत्या. एकच उरली होती. रुंद तोंडाची, बुटकी, पालथी घातलेली. दोरा बदललेला दिसत होता, चिठ्ठी तीच, पिवळी पडलेली आणि कोरी. वहिनी म्हणाल्या, दर आठवड्याला बाकीच्यांबरोबर हीपण उकळायचे. मी एकदा त्यांना म्हटलं, बारा वर्षं झाली, कुणाची ही? तर म्हणाले, ज्याची आहे तो येईल. मला त्यांच्यासमोर रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने असं रडणं बरं दिसत नाही, पण आलं.

बाटली घेऊन मी वलसाडला गेलो. चिठ्ठीवर स्वतःचं नाव लिहिलं. निकाल दुसऱ्या दिवशी मिळाला. डबी नव्हती, घोटाळा नव्हता, आणि तरीही जिवंत काही नव्हतं. कशामुळे? तेलामुळे, ड्रममुळे, वयामुळे, की मुळातच नव्हतं? मला माहीत नाही. वलसाडच्या डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. हल्ली परदेशात प्लास्टिकबद्दल असे प्रश्न विचारले जातात असं ते म्हणाले, पण एका माणसाचं बोट धरून हे ह्यामुळेच झालं असं कुणी म्हणू शकत नाही. जना असता तर त्यानेही एवढंच म्हटलं असतं, फक्त नाक वर करून. बारा वर्षांपूर्वी कळलं असतं तर मूल झालं असतं असंही नाही. शैलाचं मागच्या रांगेत बसणं तेवढं टळलं असतं.

घरी येऊन मी तो कागद शैलापुढे ठेवला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. जांभूळ, डबी, बाटली, सगळं. मी जनाच्या पत्राशी आलो, म्हटलं, त्याने तेवढं पत्र लिहायला नको होतं. तेव्हा ती म्हणाली, "ते पत्र जनाभावजींनी नाही लिहिलं. मी लिहिलं होतं." तुमचे सदरे मी धूत होते, ती म्हणाली, तो वास माझ्या हातांना येत होता. तुमच्या मिक्सिंगवाल्यांच्या बायका आठवड्याच्या बाजारात भेटायच्या, त्यांची तीच रड, जी माझी. मी तपासून घेतलंय का, हे विचारायलाही ती जनाकडे गेली होती. त्याने पत्ता लागू दिला नाही, म्हणाला, नाव नसलेल्याचा निकाल मी कुणाला सांगत नाही. ड्रमचं मात्र सांगितलं. मग हिने डाव्या हाताने पत्र लिहिलं. मी जनाशी भांडून आलो त्या दिवशी ती त्याच्याकडे धावत गेली, की मी आज घरी खरं सांगून टाकते. तर तो काय म्हणाला म्हणे, "नको, वहिनी. तुमच्यावर राग धरला तर तो घरात धरेल. माझ्यावर धरलाय तो रस्त्यावर राहतो."

नऊ वर्षं मी रस्ता ओलांडत होतो.

राहता राहिली आई. तिलाही मी दिवसाउजेडी, समोर बसून सांगितलं. पंचाहत्तरी उलटली आहे, कान चांगले आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं, शैलाकडे एकदा बघितलं आणि मला म्हणाली, तुला हे हिने पढवलंय. कागद दाखवला तर म्हणाली, कागद काय, पैसे टाकले की कुठलाही मिळतो. संशय घेण्यात मी तिचाच मुलगा. पण माझ्या आईचा एका गोष्टीवर पक्का विश्वास आहे. रविवारची ही पुरवणी ती भिंग लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, आणि छापून आलंय ना, मग खरंच असणार, असं आम्हांला ठणकावून सांगते. येत्या महिन्यात माझ्या चुलत पुतण्याच्या मुलीचं बारसं आहे. म्हणून घाई करून हे लिहिलं. जनावर लिहायला माझ्यापेक्षा लायक माणसं डहाणूत पुष्कळ आहेत.

बाटली आता आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत पालथी असते. शैला ती रविवारी उकळते, मी वास घेतो, काही येत नाही. चिठ्ठी तशीच ठेवली आहे. आई, भिंग जवळ धर आणि नीट वाच. त्या चिठ्ठीवर नाव आहे ते मोरेश्वर, तुझ्या मुलाचं. ओटी शैला भरेल.